हात कुणी तोडले? हिमाचलातील काष्ठशिल्प, एक दंतकथा आणि देवदार

१/ मनालीजवळ ढुंगरीच्या देवदारवनात हिडिंबेचे लाकडी देऊळ उभे आहे. त्याची कथा अशी सांगतात: देऊळ पुरे होताच राजाने कारागिराचा उजवा हात तोडला. असे दुसरे देऊळ कुठे होऊ नये, हा हेतू. कारागिराने डावा हात तयार केला आणि डोंगरापलीकडे, चंद्रभागेच्या खोऱ्यात त्रिलोकनाथाला आधीपेक्षा सरस काम करून दाखवले. तिथल्या लोकांनी त्याचे डोकेच उडवले.

२/ रावीच्या खोऱ्यात, चंबा जिल्ह्यातल्या छतराडी गावी, हीच कथा थोड्या फरकाने भेटते. इथे कारागिराला नाव आहे: गुग्ग. त्याने एका राण्यासाठी (राणा म्हणजे डोंगरातला लहान मांडलिक) घर बांधले आणि बक्षीस म्हणून उजवा हात गमावला. पुढे शक्तिदेवीच्या कृपेने तो हात परत मिळाला, त्याने देवीचे देऊळ उभारले आणि काम संपता संपता मंडपाच्या छपरावरून पडून त्याचा अंत झाला.

३/ ताजमहालापासून गावोगावच्या वास्तूंपर्यंत अशा कथा भारतभर आहेत, आणि अभ्यासकाने त्यांच्याकडे स्मित करून पुढे जावे असा प्रघात आहे. या कथेपाशी मात्र थांबायला हवे. कारण गुग्ग खरोखरच होऊन गेला. त्याचा पुरावा आहे, आणि तो पुरावा कथेच्या नेमका उलट बोलतो.

४/ रावीला मिळणाऱ्या बुढील नदीच्या काठी, सुमारे २,१०० मीटर उंचीवर भरमौर आहे. जुने नाव ब्रह्मपुर. दहाव्या शतकात राजधानी चंबा येथे हलवली जाईपर्यंत या राज्याचा कारभार इथूनच चाले. आज ‘चौरासी’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या देवळांच्या आवारात लक्षणादेवीचे देऊळ आहे. बाहेरून पाहिले तर उतरत्या छपराचे, मातीने लिंपलेल्या भिंतींचे साधे पहाडी घर वाटावे. आत महिषासुरमर्दिनीची पितळी मूर्ती आहे आणि मूर्तीच्या पीठावर लेख.

५/ लेख मेरुवर्मा या राजाचा. लिपीवरून त्याचा काळ सातव्या शतकाची अखेर किंवा आठव्याचा आरंभ असा ठरवला जातो. राजा आपले कुळ सांगतो, पणजोबा आदित्यवर्मा, आजोबा बलवर्मा, वडील दिवाकरवर्मा अशी नावे ओळीने देतो, पुण्यवृद्धीसाठी ही लक्षणादेवीची मूर्ती करवली असे नोंदवतो आणि लगेच पुढे ती कुणी घडवली तेही सांगतो: ‘कर्मी’ गुग्गाने. कर्मी म्हणजे काम करणारा. छतराडीच्या शक्तिदेवीच्या मूर्तीवरही मेरुवर्म्याचा लेख आहे. दुर्गम किल्ल्यांतल्या शत्रूंना जिंकल्यावर ही मूर्ती करवली, असे राजा म्हणतो. तिथेही गुग्ग आहेच.

६/ प्राचीन भारतात कारागिराचे नाव कोरलेले मिळणे अगदीच अपूर्व नाही, पण ते विरळ आहे. इथे तर राजाच्या चार पिढ्यांच्या मागोमाग, त्याच लेखात, कामगाराचे नाव येते. एकदा नव्हे, दोन वेगळ्या गावी. ज्याचे नाव असे मिरवायचे, त्याचा हात तोडायचा, हे राजाचे वागणे निदान या पुराव्यात तरी बसत नाही.

७/ हिडिंबेच्या देवळाच्या कथेचीही तीच गत. तिथल्या लेखानुसार कुलूच्या बहादूरसिंह राजाने ते १५५३ मध्ये बांधले. दोन्ही कथांतला कारागीर एकच मानला तर त्याचे आयुष्य साडेआठशे वर्षांचे धरावे लागेल. एवढ्या वयात हात शाबूत असता तरी पटाशी धरवली नसती!

८/ इथे एक सावधगिरी आवश्यक आहे. गुग्गाची सही मिळते ती धातूवर. लाकडावर त्याचे नाव नाही. पर्यटकांना सांगितल्या जाणाऱ्या माहितीत ‘गुग्गाने कोरलेले दार’ असे सर्रास येते. तसे असेलही, पण लेख मूर्तीविषयी बोलतो, दाराविषयी नाही. मूर्ती ओतणारा आणि दार कोरणारा एकच होता, की एका तांड्यातले दोघे होते, हे लाकूड सांगत नाही. आणि या धाग्याचा विषय ते मुके लाकूड आहे.

९/ लक्षणादेवीच्या देवळाचे मोल त्याच्या दर्शनी भागात आहे. दाराची चौकट एका फळीची नाही; एकात एक बसवलेल्या अनेक शाखांची आहे. कुठे वेलबुट्टी, कुठे पाकळ्या, कुठे देवतांच्या उभ्या आकृती. वर त्रिकोणी शिखरपट्टीत गरुडावर बसलेला, मानवी मुखासोबत पशुमुखे असलेला वैकुंठरूपातला विष्णू. त्याच्याकडे दोन्ही बाजूंनी झेपावणारे गंधर्व. आतल्या खांबांवर घटपल्लव, म्हणजे कलशातून ओसंडणारी पाने. छतावर चौकोनात तिरपा चौकोन, त्यात पुन्हा चौकोन, आणि मध्यभागी कमळ.

१०/ ही सारी भाषा डोंगरातली नाही. घटपल्लव, गंधर्व, शाखायुक्त द्वार ही गुप्तकालीन मैदानी शिल्पाची ओळखीची अक्षरे आहेत. मैदानात त्या काळची लाकडी बांधकामे हवा, वाळवी, आग आणि आक्रमणे यांच्या तोंडी गेली. जे उरले ते दगडात किंवा विटेत. आपण गुप्तकाळ दगडावरून ओळखतो, आणि दगड घडवणारे तर लाकडाची नक्कल करत होते. भरमौरला ती परंपरा तिच्या मूळ द्रव्यात पाहता येते.

११/ मराठी वाचकाला हे समजण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहात मान वर करून पाहावे. दगडी कमानीला लाकडी फासळ्या जोडलेल्या आहेत आणि त्या मूळच्या, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या आहेत. दगडी छताला त्यांचा आधार लागत नाही. पण चैत्याला लाकडी छत असते ही सवय इतकी मुरलेली होती की कातळात लेणे खोदूनही तिला मुरड घालवली नाही. सह्याद्रीत त्या जगाच्या फासळ्या उरल्या. भरमौरला दर्शनी भिंत उरली.

१२/ लाकूड तेराशे वर्षे टिकते कसे? पहिले उत्तर म्हणजे झाड. देवदाराच्या गाभ्यात तेल असते. त्याच्या उग्र सुगंधाला कीड आणि वाळवी सहसा जवळ येत नाही. धागा सरळ, पोत एकसारखा, त्यामुळे पटाशी अडखळत नाही. दुसरे उत्तर म्हणजे छप्पर: जड पाटीदगडाचे आणि भिंतींच्या बरेच पुढे आलेले. लक्षणादेवीच्या देवळातच याचा पडताळा मिळतो. आतले खांब आणि छत धारदार राहिले आहे. बाहेरच्या चौकटीवरच्या अनेक मूर्तींचे चेहरे ऊन, पाऊस आणि बर्फ यांनी पुसून गेले आहेत.

१३/ तिसरे उत्तर कमी सांगितले जाते: ओंडका फोडण्याची रीत. करवतीचा वापर सर्रास होण्यापूर्वी ओंडक्यात पाचरी ठोकून तो धाग्याच्या दिशेने फोडत आणि मग वाकसाने तासत. यात लाकूड बरेच वाया जाते. एका मोठ्या झाडातून मोजक्याच फळ्या निघतात. पण धागा तुटत नाही, त्यामुळे पाणी आत मुरण्याऐवजी वरून ओघळते. करवत धाग्याला जुमानत नाही. ती जास्त फळ्या देते, आणि त्या लवकर जातात. ‘झाडातून मोजक्याच फळ्या’ ही गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे तिचे काम आहे.

१४/ कोरीवकाम हा या लाकूडविद्येचा फक्त दिसणारा भाग. तिचा कणा बांधणीत आहे. सतलज आणि बियासच्या खोऱ्यांत तिला काठ-कुणी म्हणतात: काष्ठ आणि कोण. दोन समांतर तुळया, मध्ये दगडांचा भराव. त्यावर सुक्या दगडांचा थर. त्यावर पुन्हा तुळया. कोपऱ्यावर दोन्ही बाजूंच्या तुळया एकमेकींवर आडव्या बसतात आणि लाकडी खुंट्यांनी जखडतात. चुना नाही, माती नाही, लोखंडी खिळा नाही. भिंत जड असते पण ताठर नसते. जमीन हलली की सांधे किंचित सरकतात आणि पुन्हा बसतात.

१५/ ४ एप्रिल १९०५. सकाळी कांगड्याचा भूकंप. सुमारे २०,००० माणसे दगावली. कांगड्याचा किल्ला ढासळला, ब्रजेश्वरीचे देऊळ कोसळले. कुलू खोऱ्यातला नग्गरचा राजवाडा, काठ-कुणी पद्धतीचा, उभा राहिला. आज तिथे हॉटेल आहे आणि पाहुण्यांना हा किस्सा न चुकता ऐकवला जातो.

१६/ आता पुन्हा हात तोडण्याच्या कथेकडे. तिचा गाभा असा की उत्तम काम एकदाच होते आणि ते एका धन्याच्या मालकीचे असते. देवळांकडे पाहिले तर याच्या उलट दिसते. एकच नक्षी, एकाच धर्तीचे छत, त्याच धाटणीचे खांब भरमौरला आहेत, छतराडीला आहेत आणि रोहतांगपलीकडे लाहौलमध्ये उदयपूरच्या मृकुलादेवीच्या देवळातही आहेत. नक्कल होत होती, सुखेनैव होत होती, आणि ती करायला कारागीर खिंडी ओलांडून जात होते.

१७/ मृकुलादेवीचे देऊळ या दृष्टीने विशेष बोलके आहे. तिथे निदान दोन काळांची कामे शेजारी शेजारी दिसतात. जुन्या हातांनी खांब आणि छत केले. छताच्या एका फलकात बुद्धावर माराने केलेली स्वारी आहे. नंतरच्या हातांनी रामायण-महाभारतातले प्रसंग आणि समुद्रमंथन कोरले. हे काम सहसा सोळाव्या शतकातले मानतात. नंतरचा हात जुन्यापेक्षा कमी सराईत आहे. आकृती ठेंगण्या, गर्दी जास्त. पण त्याने जुने काढून टाकले नाही, त्याच्या शेजारी आपले बसवले. देवी हिंदूंची काली, बौद्धांची दोर्जे फाग्मो. याच देवळातल्या चांदीच्या मूर्तीवर सोळाव्या शतकातला लेख आहे. ती हिमपाल नावाच्या ठाकुराने करवली आणि घडवणारा आला होता भद्रवाहहून, म्हणजे आजच्या जम्मू भागातून.

१८/ अशा अभ्यासाचा पाया घातला तो पुरातत्त्व खात्यातल्या जे. पी. एच. फोगेल या डच विद्वानाने. चंब्याच्या लेखांवरचा त्याचा ग्रंथ १९११ चा. लाकडी देवळांवर स्वतंत्र पुस्तक लिहिले हेरमान ग्योट्स याने, १९५५ मध्ये. नाझी राजवटीमुळे युरोप सोडावा लागलेला हा जर्मन अभ्यासक पुढे बडोद्याच्या संग्रहालयाचा प्रमुख झाला. भरमौरच्या दाराचे मोल जगाला सांगणारा माणूस गायकवाडांच्या संस्थानात स्थिरावला होता, हा योगायोग मराठी वाचकांनी नोंदवून ठेवावा.

१९/ दोघांनीही राजे, शैली आणि काळ यांचा शोध घेतला. कोरणारे कोण, या प्रश्नाला त्यांच्या पानांत जागा थोडी. नंतरच्या नोंदींतून जे दिसते ते असे: कुलू-सिराज भागात लाकूड आणि दगड दोन्ही जाणणारे थावी, मैदानाजवळ तरखाण, किन्नौरात लाकूडकाम करणारे ओरेस. काम पिढीजात. मोबदला बराचसा धान्यात. आणि सामाजिक उतरंडीत स्थान खालचे. किन्नौरात ओरेस आणि धातुकाम करणारे दोमंग यांचा देवळांतला वावर दीर्घकाळ बंधनांनी जखडलेला राहिला.

२०/ ज्याने चौकट कोरली त्यानेच उंबरठ्याबाहेर थांबायचे, हे वास्तव दंतकथेत नाही. तिथे एक क्रूर राजा आहे आणि एकच घाव आहे. रोजच्या, पिढ्यान्पिढ्या चालणाऱ्या वंचनेची गोष्ट सांगण्यापेक्षा एका तलवारीची गोष्ट सांगणे सोपे, आणि ऐकणाऱ्या गावालाही ती सोयीची.

२१/ तरीही सातव्या शतकापासून एकोणिसाव्यापर्यंत हे हात कामाला होते. देऊळ जुने झाले की नवे करायचे, कुजलेली तुळई काढून दुसरी घालायची, घराच्या सज्जाला नक्षी, छपराच्या कडेला वाऱ्यावर खुळखुळणारी लाकडी लोलकांची झालर. विद्या पुस्तकात नव्हती, ती या नित्याच्या दुरुस्तीत होती. तिला लागत होत्या दोन गोष्टी: शिकवणारा बाप किंवा मामा, आणि देवदार.

२२/ देवदार प्रथम गेला.

२३/ १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली. १८९० पर्यंत देशात सुमारे २५,५०० किलोमीटर लोहमार्ग झाला. मैलभर मार्गाला पावणेदोन ते दोन हजार लाकडी स्लीपर लागत आणि ते कुजले की पुन्हा घालावे लागत. वाळवीला पुरून उरणारी भारतीय लाकडे मोजकीच होती: साग, साल आणि देवदार. उत्तरेच्या मार्गांची भूक हिमालयाकडे वळली. ज्या गुणामुळे लक्षणादेवीचे दार टिकले, त्याच गुणामुळे देवदार कापला गेला.

२४/ १८६४ हे वर्ष महत्त्वाचे. त्या वर्षी डीट्रिख ब्रांडिस याच्या हाती वनखात्याची सूत्रे आली. त्याच वर्षी चंब्याच्या राजाने आपली जंगले ९९ वर्षांच्या कराराने ब्रिटिश सरकारला दिली. सतलजकाठच्या बुशहर संस्थानानेही त्याच वर्षी ५० वर्षांचा करार केला. डोंगरात स्लीपर कापायचे, उतारावरून घसरवत नदीत लोटायचे आणि पंजाबच्या मैदानात गोळा करायचे. रावी, चिनाब, बियास, सतलज या नद्या लाकडाचे रस्ते झाल्या.

२५/ वनखात्याने फक्त तोड केली असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. बेबंद ठेकेदारीला त्याने लगाम घातला, नव्या देवदाराची लागवडही केली. पण त्याच्या हिशेबात झाडाचे मोजमाप स्लीपरमध्ये होते. पक्का गाभा असलेले, जुने, जाड बुंध्याचे झाड प्रथम उतरले. पाचरीने फोडून रुंद फळी काढायची तर नेमके तेच लागते. उरलेली जंगले हिरवी दिसत होती, पण त्यांत कोरण्याजोगे झाड शोधावे लागत होते.

२६/ दुसरा बदल कागदावरचा. जे झाड गाव आणि देवता यांच्या संमतीने तोडले जाई, त्याला आता परवाना लागू लागला. कुलूत १८८६ च्या वनबंदोबस्ताने घरबांधणीसाठी गावकऱ्यांना सवलतीच्या दरात झाडे देण्याचे हक्क मान्य केले. हक्क राहिला, पण तो हक्कदाराचा. म्हणजे शेतसारा भरणाऱ्या जमीनधारकाचा. ज्या थाव्याच्या नावे जमीन नाही, त्याचे लाकडाशी नाते मजुरीपुरते उरले. आणि ‘मोजक्याच फळ्या’ देणारी जुनी रीत सरकारी नजरेने निव्वळ नासाडी होती. करवत जिंकली.

२७/ पुढचा प्रवास वेगाने सांगता येतो. पाटीदगडाच्या जागी पत्रा, काठ-कुणीच्या जागी सिमेंट. सफरचंदाच्या बागा वाढल्या तशा पेट्यांसाठी फर आणि स्प्रूस तुटले. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात जंगलतोडीवर कडक निर्बंध आणले. तो आदेश आवश्यक होता. काठ-कुणी घर बांधू पाहणाऱ्याला मात्र देवदार आणखी दुर्मीळ आणि महाग झाला.

२८/ आज हिमाचलच्या डोंगरात या विद्येचे दोन भिन्न संसार आहेत. पहिला संरक्षित स्मारकांचा. लक्षणादेवी, शक्तिदेवी, हिडिंबा, मृकुला ही देवळे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहेत. तिथले लाकूड बदलायचे नाही, जपायचे. हे योग्यच आहे. तेराशे वर्षांपूर्वीची चौकट पुन्हा कुणी कोरून देणार नाही. पण त्या चौकटीपाशी आता थाव्याला करण्यासारखे काही उरलेले नाही.

२९/ दुसरा संसार देवतांच्या चालत्या देवळांचा. शिमला, कुलू, किन्नौर भागात गेल्या काही दशकांत कितीतरी देवळांचा जीर्णोद्धार झाला, बराचसा सफरचंदाच्या पैशातून. तिथे नव्या देवदारावर नवे सिंह, नाग, वेली, देवदेवता कोरल्या जात आहेत. जाणकारांना हे काम कधी भडक वाटते. नक्षी दाटीवाटीची, वर चकचकीत वार्निश, यंत्राच्या खुणा. जुने, कदाचित काही शतकांचे फलक या धामधुमीत नाहीसे होतात, ही हानी खरी आहे आणि तिची मोजदाद झालेली नाही. पण पटाशी चालते ती इथेच. शिकाऊ पोर वडीलधाऱ्यांच्या शेजारी बसते तेही इथेच.

३०/ संरक्षणाच्या कायद्याला जुने लाकूड वाचवायचे आहे, देवतेच्या पंचायतीला देऊळ ताजे हवे आहे, वनखात्याला झाड उभे हवे आहे. तिघांचेही म्हणणे समजण्यासारखे आहे आणि तिघांच्याही कागदात कोरणाऱ्याचा रकाना नाही. मृकुलादेवीच्या देवळात सोळाव्या शतकातल्या हाताला जुन्या फलकाशेजारी आपला फलक बसवता आला. आजच्या कुठल्याही नियमात तशी तरतूद बसवणे अवघड आहे.

३१/ आणि झाडाचे गणित तर वेगळेच. भरमौरच्या दारासारखी फळी हवी तर बुंधा जुना हवा. आज बुढीलच्या उतारावर लावलेले देवदाराचे रोप त्या जाडीला यायला दीडशे ते दोनशे वर्षे लागतील.

(धागा समाप्त)